अपग्रेडनंतर काटा, प्रिंटर, नेट सगळंच ‘दिसंना’ झालंय? आधी कुठं तुटलंय ते शोधा

विचारणा थोडक्यात अशी : मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. दुकानातला पीसी २०१९ चा, असेंबल केलेला, आठव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून पुतण्याने रविवारी पीसी घरी नेऊन विंडोज ११ वर अपग्रेड केला. सोमवारी दुकानात आणून जोडला तर वजनकाटा डिटेक्ट होत नाही, लेबल प्रिंटर ऑफलाइन, स्कॅनर गायब, वायफायचा डोंगल बंद. एकजण म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो नवा पीसी घ्या. काय करू?

दादा, दोन्ही नको. फॉरमॅट मारलात तर आज जे थोडंफार चालतंय तेही जाईल. आणि नवा पीसी आणलात तरी त्यावर विंडोज ११च असणार, म्हणजे काटा तिथंही असाच रुसून बसेल. कोल्हापूरच्या राजारामपुरीत वीस वर्षांहून जास्त काळ मी पीसी दुरुस्तीची हीच कामं करतोय. अपग्रेडनंतर ‘हार्डवेअर गेलं’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये खरोखर हार्डवेअर गेलेलं फार क्वचित निघतं.

हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघून ठेवा. पहिली, परतीची वाट. अपग्रेड झाल्यापासून १० दिवस विंडोज जुनी सिस्टिम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असं गेलात की ‘गो बॅक’चं बटण दिसेल. तोवर सी ड्राइव्ह भरली म्हणून कुणाला डिस्क क्लीनअप मारू देऊ नका. तो फोल्डर गेला की वाट बंद. दिवस रविवारपासून मोजा, आजपासून नाही. दुसरी गोष्ट, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली असेल आणि कुणी बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं, तर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागून अडून बसतं. ती की मायक्रोसॉफ्टच्या ज्या अकाउंटने पीसी सुरू होतो त्या अकाउंटवर सापडते. पुतण्याने स्वतःच्या अकाउंटने लॉगिन केलं असेल तर ती त्याच्याकडं आहे. आत्ताच कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवा.

आता मुद्द्यावर येतो. ‘डिटेक्ट होत नाही’ या एका वाक्यात माणसं चार वेगवेगळे रोग सांगतात. एक, वस्तूपर्यंत वीज किंवा वायरच पोचत नाही, म्हणजे पीसीच्या मदरबोर्डालाच ती दिसत नाही. दोन, विंडोजला काहीतरी जोडलंय हे कळतं, पण ते काय आहे ते कळत नाही, कारण ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू कशी चालवायची ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्राम, नाही. तीन, ड्रायव्हर आहे, पण विंडोज तो चालू द्यायला तयार नाही. चार, विंडोजच्या बाजूने सगळं ठणठणीत आहे, पण तुमचा बिलाचा प्रोग्राम त्या वस्तूला चुकीच्या पत्त्यावर शोधतोय. चौथ्यावर पहिल्याचं औषध केलं की दिवस जातो आणि मशीनचा इस्कोट होतो. बहुतेक लोक तेच करतात.

तुमच्या विचारण्यात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द विंडोज ११ वाटला नाही, ‘घरी नेऊन’ हा वाटला. पीसी घरी नेला म्हणजे मागच्या सगळ्या वायरी काढल्या. सोमवारी परत जोडताना कुठली यूएसबी कुठल्या भोकात होती हे कुणाच्या लक्षात असतं? तेव्हा माझा निम्मा संशय अपग्रेडवर आणि निम्मा त्या जोडणीवर. काट्याकडं आलो की हे का म्हणतोय ते कळेल.

सुरुवात साध्या गोष्टीने करा : मशीन खऱ्या अर्थाने बंद करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आलीय. त्यामुळं ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो, कालच्या गोंधळासकट. ‘रीस्टार्ट’ मात्र कोरी सुरुवात करतं. म्हणून अपग्रेडनंतर दोनदा रीस्टार्ट करा, मधे विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, मागची पॉवर केबल काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. बोर्डात अडकलेली वीज निघून जाते. नेटवर्कचं कार्ड अपग्रेडनंतर गायब झालं आणि एवढ्यानेच परत आलं, असं मी इतक्या वेळा बघितलंय की आता स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे करायची सवयच लागली आहे.

मग वायरी. पुढच्या पॅनलच्या यूएसबी पोर्टवर काटा किंवा प्रिंटर कधीच लावू नका. मागे, थेट बोर्डावर लावा. आपल्या गावात तर याला जास्तच कारण आहे. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आठवतोय ना? पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली तेव्हा नदीकडच्या एका छापखान्यातला पीसी पोटमाळ्यावर ठेवला होता. पाणी त्याला शिवलंच नाही, पण दमट हवेने पुढच्या पोर्टमधल्या पत्र्यांवर हिरवा गंज चढला. दोन वर्षं ते कसंबसं चाललं, आणि ज्या आठवड्यात विंडोज बदललं त्याच आठवड्यात बंद पडलं. अख्खा छापखाना विंडोजला शिव्या देत होता. टॉर्च मारून पोर्टात बघितलं तर दोष उघडा दिसत होता.

आता डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की यादीत तो सापडतो. इथं पिवळा त्रिकोण दिसतो का ते सगळेच बघतात. तो दिसला की त्यावर डबल क्लिक करून आतला कोड वाचायचा. तो मात्र कुणी वाचत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होईना. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब, गहाळ किंवा अडवलेली. कोड ४३ म्हणजे वस्तूनेच आपण बिघडलो म्हणून कळवलंय. इथं आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी हाताने बंद करून ठेवलंय. हसू नका, असंही निघतं. आणि यादीत काहीच नसेल, वस्तू काढली-लावली तरी यादी हलत नसेल, ‘टिडिंग’ आवाजही येत नसेल, तर तुम्ही वर सांगितलेल्या चारांतल्या पहिल्या पायरीवर आहात. तिथं ड्रायव्हर शोधत बसू नका, वायर आणि वीज बघा.

‘अननोन डिव्हाइस’ असं दिसलं तरी घाबरू नका. नाव माहीत नसलं तरी प्रत्येक वस्तूचा आधार नंबर असतो. त्यावर डबल क्लिक करा, ‘डिटेल्स’ टॅब उघडा, खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. बोर्डावरच्या कार्डांना ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’ असे दोन आकडे दिसतील, यूएसबीच्या वस्तूंना ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा वस्तूचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबीत ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १ए८६ म्हणजे चिनी सीएच३४० वाली चिप. डब्यावर काय छापलंय, बिलावर काय लिहिलंय, दुकानदार काय म्हणाला, हे सगळं बाजूला ठेवा. हा आकडा चिप स्वतः सांगते. पूर्ण ओळ कॉपी करून ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या साइटवर टाकली की बऱ्याचदा नेमका ड्रायव्हर मिळतो.

तुमच्या मशीनवर ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ आणि ‘एसएम बस कंट्रोलर’ असे दोन त्रिकोण दिसण्याची शक्यता आहे. नावं भारदस्त आहेत, पण त्यांचा काट्याशी संबंध नाही. पहिलं इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, दुसरं चिपसेट, दोन्ही बोर्डाच्याच आतले भाग. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून, बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर टाकून, चिपसेटचा ड्रायव्हर आधी बसवा. स्क्रीन मोठ्या अक्षरांची, ताणल्यासारखी दिसत असेल आणि डिस्प्लेच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ लिहिलं असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरही तिथूनच घ्या.

पण ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, आणि नेटलाच ड्रायव्हर पाहिजे. मोबाइल यूएसबी केबलने पीसीला जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळं बहुतेक वेळा मिनिटभरात नेट येतं. नेट आलं की सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स असं जा. तिथं ड्रायव्हर अपडेट्सची वेगळी यादी असते. त्यातलं आपल्या कामाचं टिक करा. तुमच्या डोंगलचं एवढ्यानेच जमायला हवं.

नाहीच जमलं तर ‘धिस पीसी’ उघडून बघा. डोंगल लावल्यावर एखादी फालतू सीडी ड्राइव्ह उगवते का? स्वस्तातल्या बऱ्याच वायफाय डोंगलच्या पोटात ड्रायव्हरची छोटी ‘सीडी’ असते, आणि ड्रायव्हर नसला की डोंगल वायफाय म्हणून न येता सीडी म्हणूनच बसून राहतो. त्या सीडीवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ करा, तो रूप बदलून वायफाय म्हणून परत येतो.

आता काटा. इथं जरा बैठक मारून बोलूया, कारण तुमचा धंदा त्यावर आहे आणि खरी गंमत इथंच आहे.

तुमच्या काट्याच्या मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असणार, आणि त्याला यूएसबीत बदलणारी एक केबल, बहुधा निळी किंवा काळी. पीसीला काटा दिसतच नाही, ती केबल दिसते. म्हणजे प्रश्न काट्याचा कमी आणि त्या केबलमधल्या चिपचा जास्त. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स, कॉम आणि एलपीटी’ उघडा. प्रोलिफिकची जुनी चिप असेल तर विंडोज ११ वर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. वस्तूच्या नावाच्या जागी, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, चक्क निरोप लिहिलेला असतो : पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, तुमच्या पुरवठादाराशी संपर्क साधा. पहिल्यांदा बघणाऱ्याला व्हायरस वाटतो. व्हायरस नाही, तो ड्रायव्हरच बोलतोय. कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपा वगळल्या, आणि बाजारात डुप्लिकेट चिपांचा सुळसुळाट आहे म्हणून त्यांनाही तो ओळखून नकार देतो. विंडोज १० वर तुमच्याकडं वर्षानुवर्षं जुना ड्रायव्हर पडून होता, त्याने कधी विचारणा केली नाही. अपग्रेडच्या वेळी नवा आला आणि त्याने कागदपत्रं मागितली, एवढंच.

यावर दोन उपाय. आजचा दिवस काढायचा असेल तर त्या नावावर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’. तिथं प्रोलिफिकच्या एकाहून जास्त आवृत्त्या दिसल्या तर तारखेने सगळ्यात जुनी निवडा. बहुतेक वेळा त्रिकोण तिथल्या तिथं जातो आणि कॉम नंबर, म्हणजे त्या पोर्टचा पत्ता, दिसायला लागतो. पण विंडोज अपडेट एखाद्या रात्री परत नवा ड्रायव्हर चढवतं आणि सकाळी सौद्याच्या वेळी काटा परत मुका. म्हणून माझा सरळ सल्ला : एफटीडीआय चिपची चांगली केबल आणा आणि हा विषय संपवा. विकत घेताना दुकानदाराला चिप कुठली ते विचारा. ‘सगळ्या सेमच असतात ओ’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

केबल आली, त्रिकोण गेला, तरीही प्रोग्राम म्हणतोय काटा नाही. आता आपण चौथ्या पायरीवर आहोत, आणि ‘घरी नेऊन’चा हिशेब इथं निघतो. प्रोलिफिक, सीएच३४० अशा स्वस्त चिपांना बहुधा स्वतःचा सिरियल नंबर नसतो. त्यामुळं विंडोज त्यांना जागेवरून ओळखतं : या भोकात लावली ती कॉम ३, त्या भोकात लावली ती कॉम ५. केबल तीच, काटा तोच, पण भोक बदललं की पत्ता बदलला. तुमच्या बिलाच्या प्रोग्रामात मात्र कुणीतरी पाच वर्षांपूर्वी कॉम ३ लिहून ठेवलंय आणि तो बिचारा अजून जुन्या घराचं दार वाजवतोय.

सोपा मार्ग म्हणजे केबल मागच्या एकेका पोर्टात लावून जुना नंबर परत येतो का बघणं. नाही आला तर पोर्टवर डबल क्लिक करा, ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अॅडव्हान्स्ड’, आणि खाली कॉम नंबर बदला. तिथं ‘इन यूज’ असं दिसेल. प्रत्यक्षात तो नंबर कुणीच वापरत नसतो, जुन्या जोडणीचं भूत तो अडवून बसलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ टिक केलं की फिकट रंगातली ती भुतं दिसतात. पोर्ट्सखालची फिकट नावं एकेक करून अनइन्स्टॉल करा, मग नंबर मोकळा होतो. इतर ठिकाणची फिकट नावं उगाच उडवत बसू नका. जुने प्रोग्राम एक आकडी कॉमच ओळखतात, काही तर चारच्या पुढं जात नाहीत, म्हणून कॉम १२ वगैरे आला असेल तर तो खाली आणावाच लागतो. काम झालं की त्या पोर्टाशेजारी घरातून आणलेल्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर असा लाल ठिपका आहे.

अजूनही वजन येत नसेल तर दोष काट्यावर, केबलवर की प्रोग्रामवर टाकायचा, हे अंदाजाने ठरवू नका. ‘पुट्टी’ नावाचा फुकट, छोटा प्रोग्राम उतरवा. त्यात ‘सिरियल’ निवडा, कॉम नंबर टाका, वेग ९६०० ठेवा आणि उघडा. बिलाचा प्रोग्राम आधी बंद करा, कारण एका वेळी एकच जण पोर्ट धरू शकतो. काळ्या खिडकीत आकडे धावताना दिसले, म्हणजे काटा बोलतोय आणि पीसी ऐकतोय. मग दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये. आकड्यांऐवजी चित्रविचित्र खुणा आल्या तर वेग चुकलाय. काट्याच्या मेनूत बॉड रेट काय आहे बघून इथं तोच टाका, २४०० किंवा ४८०० असू शकतो. काहीच आलं नाही तर केबल काट्यापासून सोडवा आणि नऊ पिनांच्या तोंडातल्या दोन आणि तीन नंबरच्या पिना कागदाच्या क्लिपने एकमेकींना टेकवा. दोन नंबरची ऐकते, तीन नंबरची बोलते. आता पुट्टीत काही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर खिडकीत उमटलं तर ते केबलमधून फिरून परत आलंय, म्हणजे पीसी, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही ठीक आहेत. मग काटेवाल्याला बोलवा. नाही उमटलं तर केबल बदला. पाच मिनिटांचं काम आहे, पण यामुळं पीसीवाला आणि काटेवाला एकमेकांकडं बोट दाखवायचे थांबतात.

जाता जाता : काटा गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि मधे लांबलचक यूएसबी एक्स्टेन्शन ओढली असेल तर ती काढा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढं भरवशाची नाही. सिरियलची वायर १५ मीटरपर्यंत आरामात जाते. म्हणून लांबी सिरियलच्या बाजूला द्यायची आणि यूएसबी आखूड ठेवायची.

लेबल प्रिंटरचं दुखणं याच जातीचं आणि सोपं आहे. तोही वेगळ्या भोकात गेला, म्हणून विंडोजने त्याला नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ अशा शेपटीने दुसऱ्यांदा बसवलं असेल. जुना ‘यूएसबी००१’ पोर्टवर वाट बघत ऑफलाइन, खरा प्रिंटर ‘यूएसबी००२’ वर. जुन्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर जाऊन ००२ ला टिक करा. लेबलचा आकार, अंधार-उजेड सगळी जुनी सेटिंग्ज तशीच राहतात, म्हणून नवा न वापरता जुन्यालाच नवा पोर्ट द्यायचा. आणि सेटिंग्जमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर लेबल एक दिवस ए-फोरच्या प्रिंटरवर निघेल.

हा प्रिंटर दुसऱ्या पीसीवर शेअर केलेला असेल आणि तिथं ०x०००००११बी अशी एरर येत असेल, तर तो डिटेक्शनचा प्रश्न नाही. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर प्रिंटिंगचे नियम कडक झाले. दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करा, आधी तेवढंच.

स्कॅनरबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. आधी ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज इमेज अॅक्विझिशन’ चालू आहे ना बघा आणि विंडोजचे सगळे अपडेट घ्या. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत काही यूएसबी स्कॅनर सापडतच नव्हते, मायक्रोसॉफ्टने तो दोष मान्य करून नंतर दुरुस्त केला. तरी नसेल येत तर स्कॅनर किती जुना आहे ते सांगा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्कॅनरना कंपन्या नवे ड्रायव्हर देत नाहीत. ‘व्ह्यूस्कॅन’सारखा स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येणारा प्रोग्राम विकत मिळतो, आधी फुकट चाचणी करता येते. पण पावत्याच स्कॅन करायच्या असतील तर मोबाइलने काढा, खरंच. तेवढ्यासाठी जीव आटवण्यात अर्थ नाही.

इथं एक गोष्ट इतरांसाठी. ज्यांच्याकडं विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती त्यांना थेट अपग्रेडच होत नाही, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. त्यांनी नव्याने बसवलं की ३२ बिटचे सगळे जुने ड्रायव्हर बाद. शहरातल्या डीटीपीवाल्यांना आणि शिरोली एमआयडीसीत जुन्या मशीनला पीसी जोडून बसलेल्यांना माझं सांगणं, वस्तूचा ६४ बिट ड्रायव्हर आधी हातात आल्याशिवाय विंडोजला हात लावू नका.

आता तिसरी पायरी, जिथं विंडोजच अडवतं. उजव्या कोपऱ्यात ‘या मशीनवर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली असेल तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन उघडा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं बटण जुन्या, कच्च्या ड्रायव्हरना गाभ्यात शिरू देत नाही. यूट्यूबवाले सरसकट सांगतात, बंद करा. तुम्ही त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार करता ना? मग ते बंद ठेवून धंदा करू नका. खात्री करायला म्हणून एकदा बंद करून बघा. वस्तू चालली म्हणजे रोग कळला. मग नवा ड्रायव्हर शोधा किंवा वस्तू बदला आणि बटण परत चालू करा.

आणि ते ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करणारे प्रोग्राम कृपा करून टाकू नका. पुतण्याने टाकला असेल तर काढा. त्यांच्यामुळं चालणारा आवाज बंद पडलेली, चालणारं नेट गेलेली मशीन माझ्या टेबलावर नेहमी येतात, वर जाहिरातींचा कचरा वेगळाच.

एवढं सगळं करूनही एखादी वस्तू यादीतच येत नसेल तर मी उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टिमचा, पेनड्राइव्ह लावतो. ‘ट्राय’ निवडायचं, ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावायचा नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही छोटी इंग्रजी आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तू आकड्यांसकट दिसतात. तिथं दिसली आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष विंडोजच्या बाजूला. तिथंही नाही दिसली, तर वस्तू, वायर किंवा पोर्ट मेलाय, आणि विंडोजची बदनामी थांबवायची. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायॉसमध्ये काही बदलावं लागलं तर आधी सांगितलेली ४८ आकडी की हाताशी ठेवा.

नऊ दिवस झाले आणि काटा अजून बसलेला नसेल तर मागे जा, त्यात कमीपणा नाही. ‘गो बॅक’ केलं तर फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदल जातात, म्हणून बिलाच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर आधी घ्या. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तेवढ्या वेळात केबल आणि स्कॅनरचं निवांत बघता येईल.

आज दुकान बंद झाल्यावर एवढं करा : दोनदा रीस्टार्ट, मोबाइलने नेट, मग ‘पोर्ट्स’ उघडून तिथं काय लिहिलंय आणि हार्डवेअर आयडी काय आहे त्याचे मोबाइलवर दोन फोटो. बिलाच्या प्रोग्रामात काट्यासाठी कुठला कॉम नंबर भरलाय त्याचा तिसरा. ते तीन फोटो बघितले की केबल आणायची का नुसतं भोक बदलायचं ते लगेच सांगतो. आणि वजन यायला लागलं तरी लगेच गुळाचे रवे चढवू नका. रिकाम्या काट्यावर स्क्रीनवर शून्य येतंय ना ते बघा, मग छाप मारलेलं दहा किलोचं माप ठेवा आणि काट्यावरचा आकडा आणि बिलातला आकडा शेजारी शेजारी वाचा. एका अडतीत वेग जुळला होता, आकडेही येत होते, पण प्रोग्राम दशांशचिन्ह एक घर चुकवून वाचत होता, आणि हे हमालाच्या लक्षात आलं, आमच्या कुणाच्या नाही.